दोन बोटं माया

कोपरखैरण्यात, माथाडींच्या मागच्या ओळीत,
जिन्याखाली माझं मशीन आहे.
पाटी नाही. चिमाताई शिलाईवाली म्हटलं
की रिक्षावाले दारात आणून सोडतात.

दर मे महिन्यात नेरूळच्या बालगृहात जाते
गळ्यात टेप घालून.
त्रेचाळीस पोरं रांगेत.
छाती, कंबर, उंची.
वय विचारायचं नाही, हे पहिल्याच वर्षी कळलं.
वय तिथे अंदाजाने लिहितात,
दात बघून, मनगटाचा एक्स-रे काढून.
टेपला अंदाज जमत नाही.

आमच्या धंद्यात शिवणीच्या आत
जास्तीचं कापड दुमडून ठेवतात,
त्याला माया म्हणतात.
बाहेरून दिसत नाही.
पोर वाढलं की उसवायची, खाली सोडायची.
गिऱ्हाइकाला मी एक बोट ठेवते,
या पोरांना दोन.
मॅडम म्हणतात, चिमाताई, देणगीचं कापड, पुरणार कसं?
मी म्हणते, पुरवते.

तान्ही लवकर जातात.
त्यांच्यासाठी माणसं वर्षानुवर्षं नंबर लावून बसलेली.
मोठ्यांसाठी नंबर नसतो.
सहा-सात वर्षांचं झालं की पोर
फाटकात थांबलेल्या गाडीकडे बघायचं सोडतं.

कस्तुरा गेली मात्र. सात वर्षांची, एक पाय आखूड.
इथे चार जोडप्यांनी तिला पाहिलं होतं,
चौघांनीही पायच पाहिला.
मग स्वीडनहून दोघं आले.
जाताना तिच्या अंगात मी शिवलेला पिवळा फ्रॉक.

दोन वर्षांनी फोटो आला.
बर्फ, मागे लाल घर,
आणि जाड स्वेटरखाली तोच फ्रॉक.
मॅडम म्हणाल्या, बघा, किती उंच झाली!
मी फ्रॉकचा घेर बघत होते.
खालून चार बोटांवर एक फिकट रेघ,
जुन्या दुमडीची.
कुणीतरी तिकडे, कात्रीच्या टोकाने,
एकेक टाका उसवून
माझी माया सोडली होती.
त्या बाईला हा शब्द ठाऊक नसणार.
बोटांना होता.

बालगृहाच्या भिंतीवर जगाचा नकाशा आहे,
पोरं गेली त्या गावांवर टाचण्या टोचलेल्या.
माझी नजर जाते टाचणी नसलेल्या जागांवर.
तिथेही घरं जळाली असतील, वाहून गेली असतील,
पोरं मागे उरली असतील रांगेत उभी राहायला.
आणि असेल एखादी शिंपीण.
तिलाही कुणी सांगत असेल,
कापड पुरत नाही.

भानुदास अजून इथेच आहे.
तुर्भ्याच्या कांदा मार्केटात, गोण्यांच्या थप्पीमागे सापडला,
वार रविवार, म्हणून हवालदाराने ठेवलेलं नाव.
आता अकरा. अंदाजे.
त्याच्या पँटची माया मी तीनदा सोडली,
पायाशी तीन रेघा,
ओहोटीनंतर खाडीच्या भिंतीवर राहतात तशा.
यंदा पाय पुढे करून म्हणाला,
मावशी, आता आत काहीच नाही.
मी उलटी करून बघितली.

घरी येऊन मालकांना सांगितलं.
गोण्या वाहून वाहून त्यांचं बोलणं कमी झालंय.
जेवले, हात धुतला,
टॉवेलला पुसत म्हणाले,
मग नवं कापड घ्यावं लागेल.

आमच्या वयाला दत्तक देत नाहीत.
संगोपनाला देतील, मॅडम म्हणाल्या, अर्ज भरून बघा.
खोल्या किती? दीड.
उत्पन्न? बाजार असेल तसं.
मग एक रकाना, मुलाशी नातं.
मालक पेन धरून थांबले.
खूप वेळ थांबले.
मी म्हटलं, लिहा,
माप माहीत आहे.

साहेब कदाचित खोडतील.
मी तीन मीटर कापड आणून
बादलीत भिजत घातलंय.
आटायचं तेवढं
आधीच आटून जाऊ दे.